आठ एप्रिलवर अडकलेली तारीख

तुंगार्ली, लोणावळा
सोमवार, ७ एप्रिल २०२५

नूर,

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. आठ वाजून नऊ मिनिटांपर्यंत मी खूश माणूस होतो. बंगल्यातलं ऑफिस, एसी, खिडकीतून तळं आणि रोज सकाळच्या पिशवीत तुझ्या अक्षरातलं, गुलाबाच्या पॅकिंग हॉलचं हजेरीचं मस्टर. आठ दहाला दत्तोबा भाऊंनी पिशवी टेबलावर टाकली. म्हणाले, "अकरा बायांची कार्डं हायेत बघ यात. मशीन अंगठाच घेत न्हाई म्हनं त्यांचा. समद्या गेटवरनं माघारी गेल्या."

मला वाटलं मशीन बिघडलं. यादी काढली. अकरा नावं, प्रत्येकीपुढे २३५, आणि खाली जॉब तयार करणाऱ्याचं नाव. माझं.

तुला नीट सांगतो. आमच्याकडे कामं हाताने करत नाहीत, ठरलेल्या वेळेला आपोआप चालतात. त्याला जॉब म्हणतात. जॉबमध्ये तारीख लिहायची नसते, तिच्या जागी एक रिकामं घर ठेवायचं. सकाळी सहाला नवा दिवस सुरू झाला की कामाच्या मागच्या दिवसाची तारीख त्या घरात आपोआप येऊन बसते. सोमवारी शनिवारची, मंगळवारी सोमवारची. सव्वासहाला त्या तारखेपर्यंतची हजेरी मोजली जाते. त्याच्यामागे दुसरा जॉब येतो. कोणाचे दोनशे पस्तीस दिवस भरलेत ते बघतो आणि तिचं कार्ड बंद करतो. दहा दिवस ब्रेक. मग नवीन कार्ड, नवीन मोजणी. दोनशे चाळीस कधीच भरत नाहीत. भरले तर बायका कायम नोकरीच्या हक्काचं बोलतील ना!

पूर्वी ब्रेकचा हिशेब हाताने व्हायचा, त्याचा हा दुसरा जॉब फेब्रुवारीत मी लिहिला. संदेश सरांनी चिठ्ठीवर आकडा दिला, म्हणाले कार्डांच्या नूतनीकरणासाठी आहे. मी चार ओळींत बसवला. सरांनी पाठ थोपटली, समोसा मागवला. खाल्ला मी तो. विचारलं काहीच नाही.

तुझे परवाच्या शनिवारपर्यंत २३२ आहेत. बुधवारी २३५ होतील आणि गुरुवारी सकाळी तुझा अंगठा लाल दाखवेल. मी हे होऊ देणार नाही. कोणाच्या बापाला भीत नाही मी.

उत्तर लिही. तू नुसतं 'बरं' लिहिलंस तरी तो कागद मी खिशात ठेवतो, हे तुला माहीत आहे.

तुझा
माज

◆

पॅकिंग हॉल, पवनानगर
मंगळवार, ८ एप्रिल

माज,

बरं. (हा घे, ठेव खिशात.)

आता पुढचं वाच. काल सकाळी गेटवर काय झालं ते तुला दत्तोबा भाऊंनी सांगितलं नसेल, ते गाडी वळवत होते. सविताताईने अंगठा लावला, लाल. पुसून लावला, लाल. गुलाबाचे काटे लागून आमच्या बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, म्हणून तिला वाटलं बोटाचा दोष. दुसरं बोट लावलं. मागून सुपरवायझर म्हणाले, "ताई, बोटं घासू नका, ब्रेक आहे तुम्हाला. माझ्या हातात काय नाही, कॉम्प्युटरने काढलंय नाव." ती त्या मशीनलाच म्हणाली, "अरे पण माझी एक रजा नाही." तेच तर. ज्यांनी एकही रजा घेतली नाही त्यांचे दिवस आधी भरले आणि त्या आधी बाहेर पडल्या. तुझ्या चार ओळी हुशार आहेत.

मुक्तामावशींचा हा सहावा ब्रेक येईल. त्या काल मला म्हणाल्या, "त्या कांपुटरला कुनीतरी सांगत आसंल की गं. त्याला काय माझं नाव ठावं हाय?" मी गुलाब बांधत राहिले. सांगणारा कोण ते मला माहीत होतं आणि त्याचं पत्र माझ्या ओढणीच्या गाठीत होतं.

तू रागावशील, पण लिहितेच. फर्स्ट इयरला माझी हजेरी एकाहत्तर टक्के भरली म्हणून मला परीक्षेला बसू दिलं नाही. तू सरांच्या टेबलावर हात आपटलास आणि कॉलेज सोडलंस. लोणावळाभर झालं, माजने नूरसाठी कॉलेज सोडलं. माझं वर्ष काही परत आलं नाही, माज. तुझंही गेलं. आणि आता हजेरीवरून कॉलेज सोडणारा मुलगा लोकांच्या हजेरीवर नोकरी करतो.

तेव्हा माझ्यासाठी काही करू नकोस. जुलैच्या आमच्या बॅचमध्ये माझ्यासकट अडतीस जणी उरल्या आहेत. मला एकटीला यादीतून वगळलंस तर मी त्या गेटमधून आत जाणार नाही आणि तुला कधी पत्रही लिहिणार नाही.

नूर

◆

तुंगार्ली
गुरुवार, १० एप्रिल

नूर,

काळजी करू नकोस. व्यवस्था केली आहे. काय ते विचारू नकोस, तुला माहीत नसलेलं बरं.

आज सहाच्या आधीच आलो होतो. सव्वासहाला मोजणी झाली, साडेसहाला ब्रेकची यादी निघाली. कोरी! एक नाव नाही. संदेश सर नऊला आले, चहा प्यायले, आणि लोणावळ्यात शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा उरत नाही यावर बोलत बसले. त्यांना पत्ता नाही.

कॉलेजचं तू लिहिलंस ते लागलं. पण मी हात आपटला तो तमाशासाठी नव्हता. तुझा चेहरा बघवला नाही मला. तू बेंचवर पेनचं टोपण उघडत होतीस, लावत होतीस, उघडत होतीस. आजही डोळे मिटले की ते टोपण दिसतं. हे कोणाला सांगू? दत्तोबा भाऊंना सांगितलं तर म्हणतात, "पोरा, ह्या पिशवीत मस्टर कमी आन तुजी कागदं लय झाल्यात. डिझेल कंपनीचं हाय."

अब्बांना काहीतरी वास लागलाय. काल जेवताना म्हणाले, "कॉलेज सोडलंस. ही नोकरी सोडलीस तर सोडायला तिसरं काही राहिलं नाही तुझ्याकडे."

अंगठा हिरवा झाला का एवढं कळव.

माज

◆

पॅकिंग हॉल
शुक्रवार, ११ एप्रिल

माज,

काल हिरवा. आजही हिरवा.

माझा एकटीचा नाही, सगळ्यांचा. शोभनाचे तर काल २३६ व्हायला हवे होते, तिचाही हिरवा. सुपरवायझर मशीनला चापट्या मारून बघतात. बायका हसतात. मुक्तामावशींनी मशीनला फुलाची एक पाकळी वाहिली.

तू काय केलंस? मला माहीत नसलेलं बरं, असं लिहू नकोस. दिवस आमचे आहेत.

नूर

◆

तुंगार्ली
शनिवार, १२ एप्रिल

नूर,

सांगतो. सांगितल्याशिवाय मलाही चैन नाही. इतकी सोपी गोष्ट आहे की ऐकून हसशील.

ते रिकामं घर आठवतं ना, जिथे रोज सकाळी तारीख आपोआप येऊन बसते? मी तिथे हाताने लिहून टाकलं, ८ एप्रिल. झालं! आता जॉब रोज सकाळी उठतो, घरात बघतो, त्याला आठ एप्रिल दिसते. त्याच्या हिशेबी तुझे २३४, शोभनाचेही २३४, मुक्तामावशींचे २३३. पस्तीस कोणाचेच नाहीत. मग कार्ड कोणाचं बंद करणार? उद्या, परवा, दिवाळीला, कधीही विचारा. कंपनीच्या कॅलेंडरला मी आठ एप्रिलवर खिळा ठोकलाय.

एकटीला वगळू नकोस म्हणालीस ना? बघ, अडतीसच्या अडतीस वाचवल्या. एकट्याने. कॉलेज सोडलेल्या मुलाने.

रागावून लिहिलेलं तुझं पत्रही मी चार वेळा वाचलं. आता जरा गोड लिही. सोमवारी चौदा एप्रिलची सुट्टी आहे. तळ्यावर येशील? बांधाजवळ मक्याची गाडी असते तिथे उभा राहीन, दहापासून.

तुझाच
माज

◆

तुंगार्ली
बुधवार, १६ एप्रिल

नूर,

सोमवारी दहापासून दोनपर्यंत उभा होतो. मकेवाल्याने शेवटी विचारलं, गाडी भाड्याने पाहिजे का. मंगळवारच्या दोन्ही पिशव्यांत फक्त मस्टर. आज सकाळीही फक्त मस्टर. तुझं अक्षर आहे, म्हणजे हात शाबूत आहे.

दत्तोबा भाऊंना विचारलं, नूर बरी आहे ना? म्हणाले, "बरी हाय की. सुट्टीच्या दिशी त्या अयानच्या मोटरसायकलवर गेलती कुटंतरी. वही हुती हातात."

अयान! क्वालिटीचा तो पांढरा कोट घालणारा? ज्याला गुलाबाची देठं मोजायची म्हणून कंपनी बूट देते? छान. मी इथे तुझ्यासाठी अख्खं कॅलेंडर अडवून उभा आहे, नोकरी पणाला लावून, आणि तू मोटरसायकलवर. लग्न ठरलं असेल तर तसं लिही. मी माणूस आहे, मशीन नाही. रोज सकाळी तीच तारीख दाखवून मला फसवता येणार नाही.

हे पत्र फाडणार होतो. फाडत नाही. वाच.

माज

◆

पॅकिंग हॉल
गुरुवार, १७ एप्रिल

माज,

अयानचं लग्न मे महिन्यात आहे. मुलगी मंचरची. मी त्याच्या गाडीवर सविताताईच्या घरी गेले होते, तिथून ठाकरवाडीला, तिथून मुक्तामावशींकडे. वही होती कारण मी दिवस लिहून घेत होते. प्रत्येकीच्या घरी काही ना काही आहे. कोणी भिंतीवर रेघा मारल्यात, कोणी डब्याच्या झाकणात कागद ठेवलाय. सविताताईने नवऱ्याच्या दिनदर्शिकेवर गोल केलेत. चार दिवस तेच केलं. तुला लिहायला बसले की राग यायचा, म्हणून लिहिलं नाही.

आता राग कशाचा ते ऐक. अंगठा लावला की पडद्यावर नाव येतं आणि भरलेले दिवस येतात. तुला माहीत नसेल, तू गेटवर कधी उभा राहिला नाहीस. मंगळवारी मुक्तामावशी पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नूरी, शुक्करवारीबी दोनशे तेहतीस, आजबी दोनशे तेहतीस. मी मधी आले नव्हते का गं कामाला?"

काय सांगू त्यांना? की लोणावळ्यात एक मुलगा तुमच्यावर उपकार करतोय?

माझे आज दोनशे एक्केचाळीस झाले, माज. मी मोजलेत. काल दोनशे चाळीस भरले. पाच वर्षांत या हॉलमध्ये कोणाचेही भरले नव्हते, ते माझे काल भरले, शोभनाचेही भरले, आणि पडद्यावर २३४. तू कार्डं बंद होऊ दिली नाहीस हे खरं. पण आम्ही पहाटे उठून, डबे भरून, आठ तास उभ्यानं काम करून जे दिवस भरतो ते तुझ्या त्या घरात जातच नाहीत. दारात येऊन परत जातात. कंपनी आमचे दहा दिवस तोडते, तू सगळेच थांबवलेस. फरक काय?

आज सविताताई ब्रेक संपवून परत आली. नवीन कार्ड. तिच्या नावापुढे शून्य होतं. ती हसली आणि कामाला लागली. ते हसणं मला बघवलं नाही.

आणि माझं लग्नासाठी बघणं-बिघणं काही चालू नाही, असलं तरी तुला त्याची काळजी नको. एवढंच कर. तारीख सोड. आम्हाला वाचवू नकोस, मोज. नीट मोज आणि ते कागदावर दे. पुढचं आम्ही बघू. अडतीस जणी आहोत, आणि त्या अकरा धरल्या तर एकोणपन्नास.

नूर

◆

शनिवार, १९ एप्रिल

नूर,

वर गावाचं नाव घातलं नाही कारण हे पत्र दोन ठिकाणी लिहिलंय, अर्धं ऑफिसात, अर्धं दत्तोबा भाऊंच्या गाडीत.

तुझं पत्र काल सकाळी वाचलं. बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. तू बरोबर आहेस. मी तारखेवर खिळा ठोकला तेव्हा मला फक्त तुझा अंगठा दिसत होता, तुझे दिवस दिसले नाहीत. याच्यावर आणखी लिहीत नाही. माफी मागायला मी पिशवी वापरणार नाही.

काल दुपारी संदेश सरांनी बोलावलं. दहा दिवस ब्रेकची यादी कोरी का, असं वरून विचारणा झाली होती. त्यांना घर उघडल्यावर दोन मिनिटांत सापडलं. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसायला लागले.

"माज, तू गाढव आहेस, पण नशीबवान गाढव आहेस."

"सर?"

"अरे, नऊ तारखेपासून मोजणीच नाही. सिस्टीममध्ये बायका २३४ वर आहेत. सोमवारी तारीख सुरू करायची, मंगळवारी २३५, बुधवारी सगळ्यांना ब्रेक. मधल्या दिवसांचं लिहून द्यायचं, तांत्रिक बिघाडामुळे नोंद उपलब्ध नाही. तू लिहायचं, तू सही करायची. मी तुला सांभाळून घेतो."

"पण त्या कामावर होत्या."

"कोण म्हणतं?"

"मस्टर म्हणतं. रोज पिशवीतून येतं."

"मस्टर कागद आहे. कागद हरवतो." मग जरा खाली वाकून म्हणाले, "कॉलेज नाही, डिग्री नाही. तुला इथे कोणी ठेवलं? मी ठेवलं. उद्या सकाळी सही घेऊन ये."

रात्री झोपलो की नाही ते सोड. आज पाच पन्नासला आलो. तारीख सोडली. मग ब्रेकचा जॉब थांबवून ठेवला आणि फक्त मोजणी चालवली, एकेका दिवसाची. घरात ९ एप्रिल घातली, चालवली. १० घातली, चालवली. ११. १२. एकदम १८ घालून एका फटक्यात झालं असतं, पण मग कोणी म्हणालं असतं मधले दिवस कुठून आले. म्हणून प्रत्येक दिवस वेगळा, प्रत्येकाचं मस्टर शेजारी उघडं ठेवून, नाव न् नाव जुळवून. तेराला रविवार, चौदाला सुट्टी, ते सोडले. १५, १६, १७, १८. तुझे २४२. शोभनाचे २४२. मुक्तामावशींचे २४१. एक दिवस मी कोणाला जास्त दिला नाही आणि एक कमी केला नाही. मशीन तेच, घर तेच, फक्त तारीख खरी.

मग छापलं. अडतीस नावं, प्रत्येकीचे दिवस, तारखेसकट. त्या अकरा जणींचं वेगळं पान आहे. त्यांचे बंद झालेले २३५ मला परत आणता येणार नाहीत, पण कार्ड कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या जॉबने बंद केलं आणि तो आकडा कोणी सांगून कोणी लिहिला, ते त्या पानावर आहे. माझ्या नावासकट. सरांची फेब्रुवारीतली चिठ्ठी मी फेकली नव्हती, तिची झेरॉक्स शेवटी लावली आहे. हे तुझ्या वहीला जोडा आणि कामगार ऑफिसात न्या. साक्षीला लागलो तर येईन. तिथे हात आपटणार नाही.

नऊला संदेश सर आले. त्यांनी कोरा कागद पुढे केला. पहाटेच एक प्रत लिहून छापलेल्या पानांबरोबर पिशवीत घातली होती, तेच मी त्यांच्या समोर बसून पुन्हा लिहिलं: "९ ते १८ एप्रिलची मोजणी मी तारीख हाताने अडकवल्यामुळे थांबली होती. बिघाड नव्हता. या दिवसांत सर्व महिला कामावर हजर होत्या. मस्टर प्रत्येक पानासह जोडले आहे. मोजणी आज दुरुस्त केली." खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

सरांनी वाचलं. परत वाचलं.

"हे मी घेणार नाही."

"घेऊ नका. दुसरी प्रत आहे."

"कुठे आहे?"

"गाडीत."

त्यांनी खिडकीतून बघितलं. दत्तोबा भाऊ बोनेटला टेकून उभे होते, पिशवी पोटाशी धरून. सर म्हणाले, "त्याची पण नोकरी घालवणार आहेस तू?" मला ते आधी सुचलं नव्हतं, खरं सांगतो. मी बाहेर जाऊन भाऊंना विचारलं, हे असं असं आहे, पिशवी परत देता का? ते म्हणाले, "माजी सून हाय त्या अडतिसात. तुला काय वाटलं, मी तुजी कागदं चार आठवडं नुसत्या हौसंसाठी वाहत हुतो व्हय?" आणि पिशवी सीटखाली सरकवली.

मी परत आत गेलो. सर फोनवर होते. फोन खाली ठेवून म्हणाले, "तुला माहीत आहे ना, हे दार बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. आत्ता बाहेर पडलास तर परत आत येणं नाही. सोमवारी येऊन रडू नकोस."

मी गळ्यातलं कार्ड काढून की-बोर्डवर ठेवलं. पडद्यावर मोजणी पूर्ण, असं हिरव्या अक्षरांत होतं. सव्वानऊ वाजले होते.

"माज, बस. बोलू आपण." आवाज एकदम मऊ झाला होता त्यांचा.

"तुम्ही बोला, सर. मी लिहून दिलंय."

बाहेर आलो, आणि दार मी स्वतः ओढून लावलं.

माज